बिस्किटांच्या डब्यातली चहापूड

हात उंचावून कुलूपरावांनी खिडकीशेजारच्या फळीवरचा पत्र्याचा डबा खाली घेतला. डब्यावर बिस्किटांचं चित्र होतं आणि आत चहापूड होती. त्याला खेटून असलेल्या, गुटगुटीत बाळाचं चित्र असलेल्या दूध पावडरच्या डब्यात साखर निघाली. ज्या बाळासाठी ते दूध आणलं होतं त्या बाळाला आता चाळिशी लागली होती. मिठाची बरणी तेवढी दिसायला मिठाची होती. तिच्यात बटणं, सुतळी आणि कुठल्याशा पेटीच्या दोन किल्ल्या होत्या. कुलूपरावांनी कपाळाला हात लावला.

एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. सहीशिवाय तिथून साधा स्क्रू सुटत नसे, म्हणून कामगारांनी ठेवलेलं हे नाव. पुढे साहेब लोकही त्याच नावाने हाक मारू लागले आणि त्यांना त्यात मानच वाटायला लागला. चार हजारांवर वस्तू होत्या, पण प्रत्येकीला नंबर, नंबराला खण आणि खणाला कार्ड. वीज गेली तरी ते रॅकमध्ये हात घालून हवा तो वॉशर काढून देत. अशा माणसाच्या घरात चहा बिस्किटांच्या डब्यात राहतो, हे एवढी वर्षं त्यांच्या गावीही नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हे सगळं ते बायकोसाठी करत होते, हे आधीच सांगायला हवं, नाहीतर माणसावर अन्याय होईल. दोन वर्षांपासून तिला विसर पडत चालला होता. आधी वार गेले, मग शेजाऱ्यांची नावं गेली, आणि मागच्या महिन्यात लेकीच्या लग्नाचा फोटो बघून तिने ही मुलगी कुणाची म्हणून विचारलं होतं. स्वयंपाक सुटला होता, जेवणाचा डबा बाहेरून येई, पण चहा सुटला नव्हता. सकाळ-दुपार ती स्वयंपाकघरात जाई आणि पंचवीस वर्षांपूर्वीसारखाच चहा घेऊन बाहेर येई. डॉक्टर म्हणाले होते, हाताला जे येतंय ते करू द्या, तेवढाच आधार आहे. कुलूपरावांनी ते मनावर घेतलं. एक दिवस दारात उभं राहून त्यांनी तिची पावलं मोजली. भांडं ओट्याखाली, चहा खिडकीशी, काडेपेटी दुसऱ्या टोकाला दांडा तुटलेल्या कपात, गाळणं दारामागच्या खिळ्याला. एका चहाला सव्वीस पावलं. बिचारीची केवढी पायपीट, असं त्यांना वाटलं, आणि इतकी वर्षं आपल्या लक्षात आलं नाही याचं वाईटही वाटलं.

मग लेक आईला आठ दिवसांसाठी घेऊन गेली. बाबांनी जरा विसावा घ्यावा म्हणून तिने हे केलं होतं. विसावा घ्यायचा कसा हे काही कुलूपरावांना कुणी शिकवलं नव्हतं. गाडी वळणाआड गेली आणि त्यांनी स्टूल ओढलं.

काम त्यांनी मनापासून केलं. पहिले दोन दिवस फक्त रिकामं करणं चाललं होतं. फळ्या पुसल्या, कागद बदलले. दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेली तीन पाकिटं निघाली, एकाच मापाची पाच झाकणं निघाली आणि त्यांतल्या एकाचंही भांडं निघालं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावर खडूने खुणा केल्या. रोज लागतं ते कंबर आणि खांदा यांच्या मध्ये, म्हणजे वाकणं नको की टाचा उंचावणं नको. जड ते तळाला. वर्षातून एकदा लागतं ते छताजवळ. जुनं पुढे, नवं मागे, म्हणजे आधी आलेलं आधी संपेल. जे एकत्र वापरायचं ते एकत्र ठेवायचं: चहा, साखर, काडेपेटी, गाळणं, सांडशी, सगळं शेगडीच्या उजव्या हाताशी एका खणात. बाजारातून एकसारख्या चोवीस काचेच्या बरण्या आणल्या, आतलं बाहेरून दिसावं म्हणून. प्रत्येकीवर ठळक, वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली. जुने डबे भंगारवाल्याला दिले. त्याने ते पायाखाली चेपून पोत्यात भरले.

स्टोअरचा एक नियम होता आणि तो त्यांनीच घालून दिला होता: वस्तू हलवायची तर आधी तिची जुनी जागा लिहून ठेवायची. नव्या मदतनिसांना ते पहिल्या दिवशी हेच सांगत. इथे मात्र त्यांनी एक ओळ लिहिली नाही. पसाऱ्याची कसली आलीय नोंद, असं त्यांना वाटलं. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतः चहा करून बघितला. सात पावलं झाली. दारात खुर्ची टाकून त्यांनी तो चहा प्यायला आणि ते आपल्या कामाकडे बराच वेळ बघत राहिले. निवृत्तीनंतर इतका चांगला दिवस त्यांना लाभला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आईला सोडायला आली. आईने चपला काढल्या, हात धुतले आणि सवयीने सरळ आत गेली. कुलूपराव मागोमाग गेले. कौतुक ऐकायची त्यांना घाई झाली होती.

ती खिडकीपाशी थांबली आणि तिचा डावा हात वर गेला. तिथे आता फळी नव्हती, भिंत होती. हात भिंतीवरून फिरला, खाली आला, पुन्हा वर गेला. मग ती ओट्याखाली वाकली, तिथे भांड्याऐवजी तांदळाची पिंपं होती. दारामागे गेली, खिळा नव्हता. कुलूपरावांनी खण उघडून दाखवला. तिने बरणी हातात घेतली, शाळेतल्या मुलीसारखं मोठ्याने वाचलं, "चहा." अगदी बरोबर वाचलं. मग बरणी होती तिथे परत ठेवली आणि चहा शोधू लागली. कारण चहा तिच्या लेखी त्या शब्दात नव्हताच, तो खिडकीजवळ, हात वर केला की बोटांना लागणाऱ्या गार पत्र्यात होता.

थोड्या वेळाने तिने शोधणं थांबवलं. पदर सारखा केला आणि ती जेवणाच्या टेबलाशी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, दोन्ही हात मांडीवर घेऊन.

"अहो, निघूया का आपण?" ती हळूच म्हणाली. "त्यांची कामाची वेळ झालेली दिसते."

"कुणाची?"

"या घरच्या बाईंची. किती नीटनेटकं ठेवलंय बघा. माझ्याच्याने नसतं झालं बाई."

लेक दारात उभी होती. तिने वडलांकडे बघितलं, मग खणातल्या चिठ्ठ्यांकडे बघितलं आणि डोळ्यांना ओढणी लावून बाहेर गेली. ती ओरडली असती तर कुलूपरावांना बरं वाटलं असतं.

लेकीला परतायचं होतं, ती गेली. त्याच दुपारी ते कामाला लागले. जे केलंय ते उलटं करायचं, त्यात काय एवढं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खिडकीशेजारी पुन्हा फळी ठोकली. बिस्किटांचा डबा आणायला बाजारात गेले तर तीच बिस्किटं आता प्लास्टिकच्या पुड्यात येत होती. चार दुकानं पालथी घातल्यावर एक पत्र्याचा डबा मिळाला, चौकोनी. जुना गोल होता. तो त्यांनी फळीवर ठेवला, आणि पुढे काय हे त्यांना सुचेना. साखर चहाच्या डावीकडे होती की उजवीकडे? कप कुठे होते? मीठ, ज्याच्या बरणीत बटणं होती ते मीठ, मग कशात होतं?

संध्याकाळी भांडीवाली बाई आली. तिला विचारलं तर ती म्हणाली, घासून ओट्यावर पालथी घालायची एवढंच माझं काम, लावायच्या त्या वहिनीच, माझ्या हातचं लावलेलं त्यांना खपायचं नाही. मग लेकीला फोन केला. एकेक वस्तू विचारत गेले. लेक सांगायचा प्रयत्न करत होती, पण तिच्या सासरच्या घरातलं आणि या घरातलं एकमेकांत मिसळत होतं.

"मीठ तरी आठवतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो बाबा," ती म्हणाली. "मी मागायचे आणि आई द्यायची."

फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले. एकतीस वर्षं ज्या स्टोअरमध्ये काढली त्याचा चौदावा रॅक त्यांना जसाच्या तसा दिसला, सहाव्या खणातल्या गंजलेल्या नटांसकट. आणि बेचाळीस वर्षं ज्या खोलीतून त्यांचा चहा येत होता, तिथलं त्यांना फक्त दारातून बाहेर येणारा हात आणि बशीतला कप एवढंच आठवलं. लेक आईला घेऊन जाईपर्यंत ते त्या खोलीत कधी शिरलेच नव्हते. पाणी हवं असलं तरी त्यांनी बाहेरूनच मागितलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तरी स्टोअरचा माणूस चिवट असतो. दोन दिवसांनी त्यांना एक युक्ती सुचली. आपल्याला आठवत नाही, तिला सांगता येत नाही, पण तिच्या हाताला माहीत आहे. मग हातालाच विचारायचं. त्यांनी चोवीस बरण्या उचलून बाहेरच्या खोलीत नेल्या आणि सगळ्या फळ्या मोकळ्या केल्या. वही-पेन्सिल घेतली. ती उभी राहील, हात जिथे जिथे जाईल तिथे आपण खूण करायची, आणि खुणेवर वस्तू ठेवून बघायची. आज ना उद्या जुळेलच. त्या रात्री ते पोटभर जेवले.

सकाळी त्यांनी तिला आत आणलं. "अगं, चहा टाक ना," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, आणि पेन्सिल सरसावून एका कोपऱ्यात उभे राहिले.

ती उभी राहिली. रिकाम्या फळ्यांवरून तिची नजर फिरली. हात पुढे बांधलेलेच राहिले. कुलूपराव वाट बघत होते. अखेर न राहवून त्यांनी वही ओट्यावर ठेवली, तिचं डावं मनगट अलगद धरलं आणि हात खिडकीकडे वर उचलला. हात त्यांच्या हातात लोंबत राहिला. बोटं काही शोधत नव्हती. मग तिने तो सोडवून घेतला, हळूच, त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेताने.

"अहो, दुसऱ्याच्या घरात असं हात लावू नये," ती म्हणाली.

कुलूपरावांनी वही मिटली. तिला त्यांनी खुर्चीवर बसवलं. चहा त्यांनीच केला, साखर त्यांच्याकडून जास्त पडली. तिने तो सावकाश प्यायला आणि छान झालाय म्हणाली, पाहुण्यासारखं. मग रिकामा कप पुढ्यात ठेवून तिने इकडेतिकडे बघितलं.

"घरच्या बाई बाहेर गेल्यात का?"

"हो," कुलूपराव म्हणाले.

"मग त्यांना भेटूनच जाऊ. न सांगता निघालं तर बरं दिसत नाही."

त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि ते तिच्या शेजारी बसले. दोघंही दाराकडे बघत राहिले.