तंबोऱ्यासाठी जुळवलेला

मित्रांनो, परवापर्यंत माझ्या डोक्यावर एक पत्र पडून होते. ते उडून जाऊ नये म्हणून त्यावर एक कॅसेट ठेवलेली होती. पत्र मला आलेले नाही; माझ्यासारख्याला कोण पत्र लिहिणार? ते माझ्या मालकांना, देवरामकाकांना, आंबिवलीहून आले. आले तेव्हा थंडी संपत होती. त्यानंतर एक पावसाळा गेला, मग दुसराही गेला. पत्राला उत्तर मात्र गेले नाही.

मी गाणी ऐकवणारा एक जुना संच आहे. मधे ॲम्प्लिफायर, त्यातच कॅसेट वाजवायची सोय, आणि दोन बाजूंना दोन लाकडी स्पीकर. ती माझी दोन तोंडे समजा. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, पुस्तकांच्या कपाटात मी राहतो. डाव्या हाताला शब्दकोश आहेत, उजव्या हाताला प्रवासवर्णने. इतक्या शहाण्या शेजाऱ्यांमध्ये आपण आपली गोष्ट सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. ती सांगण्याजोगी आहे याची मला अजूनही खात्री नाही. पण त्या पत्राबद्दल दुसरे कोणी बोलेल असे वाटत नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. तिथे रामाभाऊ नावाचे कारागीर मागणीप्रमाणे संच बनवून देत. गिऱ्हाईक आले की आवाज किती मोठा हवा, हे ते आधी विचारत नसत. ते विचारत, “तुम्ही ऐकता काय?” कोणी कव्वाली म्हणे, कोणी सिनेमाची गाणी, कोणी भजनी मंडळासाठी आलेला असे. उत्तराप्रमाणे रामाभाऊ स्पीकर निवडत, लाकडी पेटी मागून बंद ठेवायची की तिला भोक ठेवायचे ते ठरवत. अंगाला कपडा बेततात तसा गाण्याला संच बेतावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते.

देवरामकाका तेव्हा तरुण होते. जवळच्याच एका छापखान्यात ते प्रुफे तपासत. ते आले आणि दाराशीच उभे राहिले.

“या की आत. काय ऐकता?” रामाभाऊंनी विचारले.

“म्हणजे... शास्त्रीय. थोडंसं.”

“थोडंसं कशाला? पोटभर ऐका!”

“गायक गात असताना मागचा तंबोरा ऐकू यायला हवा. जमेल का? नाही जमलं तरी चालेल.”

“न जमायला काय झालं?” रामाभाऊ हसले.

असा मी तंबोऱ्यासाठी जुळवला गेलो. पेटी बंद, स्पीकर मध्यम, धडधडाट अजिबात नाही. पहिल्या संध्याकाळी काकांनी मला लावले, तेव्हा शेवंतीकाकू हातात पळी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “अगंबाई, मला वाटलं कुणी तंबोरा घेऊन बसलंय घरात!” त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यातले हे सगळ्यात मोठे कौतुक. मी ते अजून जपून ठेवले आहे.

काकूंना भरतकामाची आवड होती आणि आमच्या रस्त्यावर धूळ फार. त्यांनी माझ्या दोन्ही तोंडांना जाड कापडाची, आतून अस्तर लावलेली कव्हरे शिवली. एकेकावर एकेक हिरवा पोपट भरला. “वाजवतानाही काढायची नाहीत हं,” त्यांनी काकांना बजावले. “धूळ आत गेली की संपलं.” काका म्हणाले, “छान झालीत.” ते कधी कुणाला नाही म्हणत नाहीत. मला जरा गुदमरल्यासारखे झाले. पण पोपटांचे डोळे काकूंनी लाल दोऱ्याने इतके मन लावून भरले होते की तक्रार करावीशी वाटली नाही. शिवाय मला बोलता कुठे येते? मी आयुष्यभर दुसऱ्यांचेच आवाज काढले. तंबोरा थोडा मागे सरकला, गळा थोडा जड झाला. हळूहळू काकांच्या कानांना तेच खरे वाटू लागले.

खंडेनवमीला काकू शिवणयंत्र, विळी आणि कात्रीबरोबर माझीही पूजा करत. त्या दिवशी माझ्या डोक्यावर झेंडूचे फूल असे.

रविवारी राजरत्न यायचे. ते त्याच छापखान्यात मशीन चालवत. उंच, मोठ्याने बोलणारे आणि त्याहून मोठ्याने हसणारे. काकांच्या घरी येणारे ते एकटेच मित्र. त्यांचे वडील गायन पार्टीत गात. जयंतीला वस्त्यावस्त्यांतून त्यांचा कार्यक्रम व्हायचा. त्यामुळे राजरत्न येताना ढोलकीच्या, टाळ्यांच्या, सवालजवाबाच्या कॅसेट आणायचे. मी त्या मन लावून वाजवायचो. पण तोंडावर पोपट.

“अरे देवराम, ह्या डब्याला सर्दी झालीय की काय? ढोलकी बघ, उशीवर थापट्या मारल्यासारखी वाजतेय.”

“तंबोऱ्यासाठी जुळवलाय रे तो. ढोलकी त्याला... म्हणजे, तसा नाही तो.”

“म्हणजे सोवळ्यातला आहे म्हण की!”

“भावोजी,” काकू आतून ओरडल्या, “सोवळ्यातल्याला नावं ठेवाल तर भजी मिळायची नाहीत!”

सगळे हसले. काकाही हसले. पण राजरत्न गेल्यावर ते माझ्याकडे बराच वेळ बघत बसले होते. तो शब्द त्यांच्या मनात कुठेतरी रुतला असावा. मित्र तो विसरूनही गेला असेल. काका काही विसरत नाहीत.

पुढे छापखाना बंद झाला. राजरत्न आंबिवलीला राहायला गेले. मग काकू गेल्या. रविवार इतर वारांसारखाच झाला. काका कधी संध्याकाळी मला लावत, कधी विसरत. पोपटांवर धूळ साचली. कव्हरे धुवायचे त्यांच्या मनात आले नाही. काकूंचा हात लागलेली वस्तू पाण्यात घालायची त्यांना भीती वाटत असावी.

अशात ते पत्र आले, कॅसेटसकट. काका वाचताना पुटपुटतात, प्रुफे तपासायची जुनी सवय. म्हणून मलाही ते ऐकू आले.

“देवराम, फोनवर तू नुसतं ‘बरं, बरं’ म्हणतोस म्हणून लिहितोय. बाबांच्या पार्टीची कॅसेट सापडली. ही एकच आहे, दुसरी नाही. माझा टेप कधीच बिघडला. कल्याणला नवीन संच बघायला गेलेलो, तर दुकानातल्याने लावून दाखवला, नुसता धडाम धडाम. छातीत धडकी भरते, पण शब्द एक कळत नाही. बाबांच्या गाण्यात शब्दच तर होते रे! तुला यातलं कळतं. ऐक आणि सांग, कसला संच घेऊ? तुझ्यासारखा घेतला तर चालेल का? जयंतीला वस्तीत सगळ्यांना ऐकवायचंय. दोन ओळी लिही.”

काकांनी त्याच दुपारी कॅसेट लावली. मी जीव तोडून वाजलो. पण काय ऐकू आले? घोंगडीखालून कोणीतरी गात होते. शब्द जाड, टाळी बसकी. काकांचा चेहरा उतरला.

त्यांनी कागद घेतला आणि पुटपुटत लिहिले, “प्रिय राजरत्न, हा संच तुझ्या गाण्यांसाठी नाही.” मग ते थांबले. वाक्य पुन्हा वाचले. तुझ्या गाण्यांसाठी नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये तपासणाऱ्या माणसाला हे वाक्य कुठे लागेल ते लगेच कळले. त्यांनी कागद फाडला. दुसऱ्या कागदावर लिहिले, “कॅसेट खराब झाली आहे, असे वाटते.” म्हणजे बाबांचा आवाज गेला, असे कळवायचे! तोही फाडला. मग पत्र माझ्या डोक्यावर ठेवले, त्यावर कॅसेट ठेवली, आणि मला बंद केले.

मित्रांनो, त्यानंतर त्यांनी मला लावलेच नाही. एकदा फोन वाजला. काका उठले, हात पुढे केला आणि तसेच उभे राहिले. फोन थांबला. मग त्यांनी हात मागे घेतला. जयंती आली आणि गेली. पुढच्या वर्षी पुन्हा आली आणि गेली. आंबिवलीच्या त्या वस्तीत कोणती गाणी लागली, मला ठाऊक नाही. एवढेच ठाऊक आहे की त्यांना हवा असलेला आवाज इथे माझ्या डोक्यावर होता. आम्ही दोघे एका खोलीत राहत होतो, मी आणि काका. पण घरात कोणी राहते असे बाहेरून वाटले नसते.

परवा, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, शेजारची निशा पोळीभाजीचा डबा द्यायला आली. ती आली की खोलीत वारा आल्यासारखे वाटते.

“काका, उद्या पूजा करणार ना? अहो, हे काय! पोपट आहेत की कावळे? किती कळकटलेत! द्या इकडे, धुऊन आणते.”

“राहू दे गं. शेवंतीने केलेत ते.”

“म्हणून तर धुवायचे! काकू असत्या तर मलाच ओरडल्या असत्या. हाताने धुते, घाबरू नका.” तिने दोन्ही कव्हरे काढलीदेखील. मग माझ्या डोक्यावर तिचा हात गेला. “आणि हे कोणाचं ओ?”

“मित्राचं.”

“मग त्याला परत नको का द्यायला? एवढी धूळ खात पडलंय!”

ती निघून गेली. काकांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि तसाच झाकून ठेवला. मग त्यांनी कॅसेट उचलून सदऱ्याला पुसली. परत पाठवायची, असे त्यांनी ठरवले असावे. आणि परत पाठवायची तर एकदा शेवटचे ऐकावे, असेही वाटले असावे.

त्यांनी मला सुरू केले. इतक्या दिवसांनी आधी मी नुसता कुरकुरलो. मला माझीच शाश्वती नव्हती. मग फीत फिरली आणि ढोलकी बोलली. उशीवरची थापटी नव्हे, कोरी, खणखणीत. टाळ्या अशा पडल्या की काका मागे वळून बघू लागले. आणि राजरत्नांच्या वडिलांचा आवाज आला. साधा, थोडा घोगरा, पण प्रत्येक शब्द तांदळातून खडा निवडावा तसा वेगळा. एक गाणे संपले. मधल्या गलक्यात ते हळूच म्हणाले, “राजा, मागं ऐकू जातंय का रे?”

आणि दुरून, गर्दीच्या पार मागून, एक तरुण, मोठा आवाज आला, “जातंय, बाबा!”

तो राजरत्नांचा आवाज होता. काका खाली बसले.

थोड्या वेळाने ते उठले. खांद्यावरचा पंचा त्यांनी माझ्या तोंडावर धरला. आवाज घोंगडीखाली गेला. पंचा काढला. आवाज परत आला. पुन्हा धरला, पुन्हा काढला. “अरेच्चा,” ते म्हणाले. समोर निशाच्या गॅलरीत दोन हिरवे पोपट दोरीवर वाळत होते. त्यांच्याकडे बघून काका हसले, आणि मग चष्मा काढून डोळे पुसू लागले.

काल खंडेनवमी झाली. माझ्या डोक्यावर पुन्हा फूल आले. त्यानंतर काका लिहायला बसले. या वेळी कागद फाडला नाही.

“प्रिय राजरत्न, उशीर झाला. किती, ते तुला माहीत आहे. बाबांची कॅसेट उत्तम आहे. माझा संचही ढोलकीला घाबरत नव्हता. त्याच्या तोंडावर शेवंतीची जाड कव्हरे होती, ती काढायचे मला इतक्या वर्षांत सुचले नाही. तू धडाम धडाम करणारा संच घेऊ नकोस. ज्यावर बोलणाऱ्या माणसाचा शब्द स्वच्छ कळेल तो तुझ्या गाण्यांना चालेल, आणि माझ्याही. दुकानात बाबांचे गाणे लावून बघ, मगच ठरव. एकुलती एक कॅसेट पोस्टाने पाठवायचा मला धीर होत नाही. रविवारी तू ये. नाहीतर मी घेऊन आंबिवलीला येतो. बाबा विचारतात, मागे ऐकू जाते का. तू ‘जातंय’ म्हणतोस. तेही ऐकले. तुझा देवराम.”

आज सकाळी निशाने पोपट आणून दिले, पुन्हा हिरवेगार. काकांनी ते माझ्यावर घातले, क्षणभर बघितले आणि पुन्हा काढून शेजारी घडी करून ठेवले. मग पत्र खिशात घालून ते खाली गेले. जाताना मला बंद करायचे विसरले. माझा लाल दिवा अजून जळतो आहे.

मित्रांनो, ते येईपर्यंत एक विनंती करून ठेवतो. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी जुने असेल तर त्याला धुळीपासून जरूर जपा. पण गायच्या वेळी त्याच्या तोंडावरचे कापड काढा. प्रेमाने घातलेले असले तरी काढा. गाण्याशी त्या जुन्याचे जुळत नाही असे ठरवण्याआधी एकदा उघड्या तोंडाने त्याला गाऊ द्या. मी हे नीट सांगू शकलो की नाही, कोण जाणे. राजरत्न येतील की नाही, तेही मला ठाऊक नाही. इतक्या उशिरा आलेल्या उत्तराचे काय करायचे, ते त्यांनी ठरवायचे आहे.

जिन्यावर पावले वाजली. कुलूप उघडले. काका आत आले, चपला काढल्या आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“टाकलं,” ते म्हणाले.

घरात दुसरे कोणीच नव्हते.