आत्याची खिडकी

बंदरावरच्या प्रवासी इमारतीत चेहरा ओळखणारी यंत्रं बसणार होती आणि त्यांची नियमावली लिहायचं काम माझ्याकडे आलं. याच इमारतीत माझ्या आत्यानं एकतीस वर्षं पासपोर्ट तपासले. शाळा सुटली की मी तिच्या खिडकीमागच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायचे. शाईचा वास, शिक्क्याचा ठप्प आवाज आणि येईल त्या माणसाला आत्याचा तोच प्रश्न, "काय, कुठं निघालात?" उत्तर समोरच्या कागदावर असायचंच. तरी ती विचारायची.

यंत्रांच्या चाचणीला मी तिला मुद्दाम घेऊन गेले. ठेवणीतले बूट घालून ती यंत्रापुढे ताठ उभी राहिली. दोन सेकंदांत फाटक उघडलं.

"झालं?"

"झालं, आत्या."

"अगं, पण मला कुणी काही विचारलंच नाही!"

आमचे संचालक हसले. "बाई, तोच तर फायदा आहे. आता सगळ्या खिडक्या बंदच करतोय आम्ही."

आत्या बाकावर टेकली. "एकदा एक बाई आली होती," ती म्हणाली. "चेहरा भाजलेला. फोटोशी काही म्हणता काही जुळेना. मागं रांग कुरकुरत होती. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. कान तेवढे वाचले होते तिचे. ठेवण तीच, डाव्या पाळीला दोन भोकं. मी शिक्का मारला तर बाई रडायलाच लागली. म्हणाली, अपघातानंतर मला ओळखणाऱ्या परक्या माणसांत तुम्ही पहिल्याच."

"अशी माणसं हजारात एखादी," संचालक म्हणाले.

"मग त्या एखादीनं काय, पोहत जायचं?"

संचालकांना हसू आवरलं नाही, पण हेका त्यांनी सोडला नाही. पुढच्या तीन बैठकांत मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. अखेर दोन कलमं टिकली. प्रत्येक दालनात एक खिडकी माणसाची राहील आणि तिथं येणाऱ्याला कारण विचारलं जाणार नाही. यंत्रानं घेतलेला फोटो जहाज सुटल्यावर चोवीस तासांत पुसला जाईल.

त्याच संध्याकाळी मी आत्याला फोनवर ती कलमं वाचून दाखवली.

"भाषा अगदीच कोरडी गं तुझी," ती म्हणाली. "पण चालेल."

मग तिची गाडी बंदरावरच्या जुन्या लोकांकडे वळली. सारखा शिंकणारा जकातवाला, दर आठवड्याला रजिस्टरवर चहा सांडणारा हेडक्लार्क. कोण आहे, कोण गेलं. मला कामं होती, पण फोन ठेववेना.