काट्यावरचं नाव

"सायेब, परत अडकलं बगा!"

वजनकाट्यावरचा गुंडाप्पा दारातूनच ओरडला. कॉम्प्युटरच्या खोलीत यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत, आणि तेवढाही धीर त्याला नव्हता. "गाड्या पार जळकोटच्या रस्त्याला टेकल्यात. बैलं उनात हुबी हाईत. लोक माज्या नावानं शिमगा करायलेत."

"यंत्रातली जागा संपलीय," महारुद्र म्हणाला.

"जागा? कपाटाएवढी पेटी आन् जागा संपली?"

एरवी महारुद्र हसला असता. आज त्याला रडू यायचं बाकी होतं. पुण्याच्या कंपनीनं त्याला बोलावलं होतं. महिनाअखेर हजर झाला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि साखर कारखान्याचे चेअरमन नानासाहेब यांनी त्याला सोडायची एकच अट घातली होती, "मशीन तुज्याबिगर चालतंय आसं दाव, मग खुशाल जा."

नानासाहेब त्याच्या वडिलांचे दोस्त. त्यांनी शब्द टाकला म्हणून महारुद्रला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. शिकून आल्यावर कारखान्यात कॉम्प्युटर बसवायला तोच सापडला, आणि बसवून झाल्यावर "एवढा हंगाम काढ" असं दर वर्षी ऐकत त्याचे चार हंगाम गेले. त्याची मूळ प्रमाणपत्रं कारखान्याच्या तिजोरीत होती. उपकार मोजून फेडता येत नाहीत, हीच त्यातली मेख. बायको आणि लहान मुलगी पुण्याला होत्या. गेल्या दिवाळीत मुलीनं दार उघडलं आणि आत वळून सांगितलं, "आई, कुणी काका आलेत." ते ऐकून तो घरात न जाता जिन्यावरच बसला होता.

तर यंत्र. कारखान्यात पडदे पुष्कळ, फाटकावर, गाडीतळावर, काट्यावर, शेतकी विभागात. सगळे एकाच वेळी एकच यादी वाचत. कोणाच्या उसाची पाळी कधी, ही ती यादी. आणि यंदा ती सारखी बदलत होती. सत्याऐंशी साल ते, विहिरींनी तळ दाखवलेला, ज्याच्या उसाचं सरपण व्हायला लागलं त्याला पुढं घ्यायचं. पूर्वी एक नाव बदलायचं तरी सगळे पडदे थांबवावे लागत. नाहीतर वाचता वाचता खालचं पान सरकायचं आणि एकाची गाडी दुसऱ्याच्या नावावर चढायची. एकदा त्यावरून फाटकावर काठ्या निघाल्या.

मग महारुद्रनं डोकं लावलं. वाचली जात असलेली यादी हलवायचीच नाही. तिची नक्कल करायची, बदल नकलेत करायचा, आणि यापुढे जो विचारेल त्याला नवी द्यायची. जुनी वाचत असलेल्यानं जुनी निवांत वाचावी. तिचा शेवटचा वाचणारा उठला की ती पुसायची, पण क्रमानं, आधीची पुसल्यावरच. हे सगळं त्यानं एका वेगळ्या गाठोड्यात बांधलं. फाटकाचा असो की काट्याचा, कोणत्याही प्रोग्रॅमनं ते उचलून वापरावं, आणि फक्त दोन गोष्टी कळवाव्यात, वाचायला घेतलं आणि वाचून झालं.

हे त्यानं नानासाहेबांना समजावलं तेव्हा ते मांडीवर थाप मारून म्हणाले होते, "म्हंजे पंगतच की रं! शेवटचा मानूस उटल्याबिगर पत्रावळी उचलायच्या न्हाईत."

हंगाम सुरू झाला आणि पंगत झकास चालली. एक पडदा थांबला नाही. महारुद्रनं ऑपरेटर बंडप्पाला रोजचं काम शिकवलं, येतोय म्हणून बायकोला कळवून टाकलं. आणि मग यंत्र गुदमरायला लागलं. दोनदा त्यानं मागच्या वर्षांचे हिशेब काढून जागा केली. दोन्ही वेळा ती भरली. आज काढायलाही काही उरलं नव्हतं.

"थांबा जरा," तो गुंडाप्पाला म्हणाला आणि त्यानं आत काय साचलंय ते पाहिलं. जुन्या याद्या. पहिली मोळी टाकून हंगाम सुरू झाला त्या दिवसापासूनच्या सगळ्या. एकही पुसलेली नाही, कारण अगदी पहिली यादीच काट्यावरच्या दुसऱ्या पडद्यावर कुणीतरी अजून वाचत होतं, आणि ती सुटल्याशिवाय नंतरच्यांना हात लावायचा नाही ही शिस्त त्यानंच घातलेली. वाचणारा माणूस कधीतरी नजर उचलतोच, एवढं एकच त्यानं गृहीत धरलं होतं.

"काट्यावर दुसरा पडदा आहे ना? त्याच्यावर कोण असतं?"

गुंडाप्पा दारातून मागं सरला. मग म्हणाला, "तुमीच चला."

काट्याच्या खोलीत कोपऱ्यात तो पडदा होता. वर हळदीकुंकू, झेंडूची वाळून कोळ झालेली माळ, पुढं उदबत्तीची राख. आणि काळ्या काचेवर हिरव्या इंग्रजी अक्षरांत एकच नाव, पिराजी या सभासदाचं.

"गव्हाणीत पयली मोळी त्येचीच पडली न्हवं का," गुंडाप्पा सांगू लागला. "नानासायबांच्या मंडळींनी पूजा केली. बॉयलरचा इस्तू हंगाम सरंपतूर इजवत न्हाईत, मंग ह्ये नाव तरी कसं इजवावं? आमी सगळ्यांनी मिळून ठरिवलं. वीज कारखान्याचीच, जातीय कुटं? रोज उदबत्ती लावतो म्या."

महारुद्रचा संताप मस्तकात गेला. महिनाभर तो आपल्याच प्रोग्रॅममधली चूक शोधत जागला होता, आणि इथं रोज उदबत्ती लागत होती. त्यानं बटणाकडे हात नेला. गुंडाप्पानं तो धरला.

"सायेब, नगा. पिराजी गेलाय. हीर खोल करताना दरड आली अंगावर, ठावं हाय न्हवं तुमाला? त्येची केशरबाई आता गाडी आनती. चिठ्ठी घ्यायच्या आदी हितं हुबी ऱ्हाती घटकाभर. वाचता येत न्हाय तिला, पन ह्ये त्येंचं नाव येवढं कळतं."

महारुद्रला ठाऊक होतं. पाळीच्या नव्या यादीत पिराजीच्या जागी केशरबाईचं नाव त्यानंच घातलं होतं. हा पडदा एकदा सुटला की पुन्हा विचारल्यावर नवीच यादी येणार. पिराजी सभासद म्हणून उरला होता तो एवढ्या एका काचेवर.

"कुठं आहे ती?"

"लायनीतच. पुडून तिसरी गाडी."

त्यानं तिला बोलावून घेतलं. केशरबाई चाबूक हातात घेऊनच आली, पदर सावरून पडद्यासमोर उभी राहिली, आणि मग त्याच्याकडे वळली.

"मावशी, हे नाव मिटवल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. पण तुम्ही म्हणाल तर मी तशीच नुसती अक्षरं ठेवीन इथं. दिसायला. मागं काही नसेल, पण नाव दिसेल."

"ह्या नावापायी गाड्या थांबल्यात?"

"हो."

"येवड्या समद्या?"

"सगळ्या."

तिनं एकदा काचेकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी बैलांना शिवी हासडली.

"मंग काडा," ती म्हणाली. "कुनाची गाडी आडवून धरनारा मानूस न्हवता त्यो. आन् नुसतं दिसायला कशाला? दिसायला फोटू हाय घरी."

गुंडाप्पानं तोंड फिरवलं. महारुद्रनं बटण दाबलं. नाव गेलं. काच काळी झाली आणि तिच्यात केशरबाईचाच चेहरा दिसू लागला. शेजारच्या पडद्यावर अक्षरं हलली, काट्यावरची गाडी पुढं सरकली. आणि लगेच, लाज वाटावी इतक्या लगेच, महारुद्रच्या मनात आलं की आता आपण सुटलो.

नानासाहेबांना त्यानं सगळं सांगितलं. ते पिराजीसाठी हळहळले. गुंडाप्पाला हसत एक शिवी दिली. मग चष्मा काढून त्यांनी महारुद्रकडे पाहिलं.

"बंडप्पाला घावलं आसतं का रं ह्ये?"

आयुष्यात एकदाच खोटं बोलायचं तर ही वेळ होती. समोरच्या भिंतीत तिजोरी होती. महारुद्रला मुलगी आठवली, जिना आठवला. बंडप्पा हुशार होता, शिकला असता हळूहळू. पण सापडलं असतं का?

"नाही," तो म्हणाला.

"मंग? तूच सांग, कसं सोडू? तिकडं ऊस वाळायलाय मानसांचा." त्यांच्या आवाजात कावा नव्हता, असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढा हंगाम काढ. पुडच्या वर्सी म्या सोता तुला एस्टीत बशिवतो. बापाच्या जागी हाय म्या तुला."

तो 'बरं' म्हणाला, आणि म्हटल्यावर स्वतःचाच त्याला इतका राग आला की खोलीकडे न जाता तो तडक बाहेर पडला. फाटकातून निघाला आणि रस्त्याच्या मधोमध चालत राहिला. हातात पिशवी नव्हती, पायांत चपला नव्हत्या. त्या मघाशी काट्याकडे निघतानाच घाईत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर राहिल्या होत्या. माती तापली होती. आतल्या गाड्या भराभर मोकळ्या होत होत्या. पुढं मोठ्या रस्त्यावर पुण्याच्या बाजूला जाणारी एस्टी धूळ उडवत गेली. त्यानं ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

मागून घुंगरं वाजली. केशरबाईची रिकामी गाडी होती.

"सायेब, मोट्या रस्त्याला निगालाव व्हय? बसा की. मोकळीच हाय गाडी, सोडते."

महारुद्रनं गाडीच्या कडेला हात लावला. लाकूड चटका बसेल इतकं तापलेलं होतं.

"नाही मावशी. मला इथंच राहायचंय."

केशरबाईनं त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. कासरा सैल सोडला.

"मंग सरा जरा बाजूला," ती म्हणाली. "बैलं तानेजल्यात."

महारुद्र बाजूला सरला.