न सांगितलेले पाच शब्द

आमच्या नॉर्डल गावात मैदानावर पोर पडली की पहिली आरोळी एकच, "माती चोळ आणि उठ!" गुडघा फुटला, माती चोळ. बोट वाकडं झालं, माती चोळ. जणू आमच्या आयोवा राज्याच्या मातीत देवानं मलमच कालवून ठेवलंय! या आरोळ्या मारणाऱ्यांत एके काळी मीही होते, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. तीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी. साठ पोरांच्या वर आवाज काढायची सवय आहे मला.

आता मी लव्होन ब्रेके, वय सदुसष्ट, नॉर्डलच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची सुरक्षा अधिकारी. हसा, सगळेच हसतात. हेल्मेटचे पट्टे ओढून बघायचे, बर्फाच्या पिशव्या भरायच्या, ढग गडगडला की अर्धा तास मैदान रिकामं करायचं आणि कुणाच्या डोक्याला मार लागला की कार्ड काढायचं, ही माझी कामं. पोरी पाठीमागे मला बर्फवाली आजी म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझ्या नातीची.

त्या कार्डावर प्रश्न असतात. आज वार कोणता, आपण कुणाशी खेळतोय, वर्षाचे महिने उलटे म्हण. आणि शेवटी पाच शब्द. ते मी सांगायचे, पोरीनं ऐकून परत म्हणायचे. म्हणता आले नाहीत तर ती त्या दिवशी बाहेर, आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणेपर्यंत बाहेरच. पाच वर्षं मी तेच कार्ड वापरलं, तेच शब्द: बादली, लिंबू, शिडी, घोडा, पडदा. मग या मे महिन्यात खाऊच्या टपरीमागे दोन चिमुरड्या दोरीवर उड्या मारताना दिसल्या. एक उडी बादली, एक उडी लिंबू, एक उडी शिडी... मी तिथेच कपाळावर हात मारला. बाहेर बसायला लागू नये म्हणून अख्ख्या संघानं माझं कार्ड पाठ करून टाकलं होतं! बर्फवाली आजी मोठी शहाणी, आणि पोरी तिच्या डोक्यावर मिरे वाटतायत. मी गपचूप नवे शब्द छापून घेतले आणि कुणाला सांगितलं नाही.

जुलैतल्या एका शनिवारी जिल्ह्याचा अंतिम सामना होता, क्लिअर फोर्कच्या मुलींशी. ऊन असं की बाकावर टेकलं तर मांड्या भाजत होत्या. गाव झाडून मैदानावर आलेलं, सगळ्यांच्या तोंडात सूर्यफुलाच्या बिया आणि खाली सालींचा सडा. सहा डावांचा सामना. पाचव्या डावात आम्ही चार-तीनने पुढे. माझी नात मारित, बारा वर्षांची, आमची कॅचर. बॅट धरलेल्या मुलीच्या मागे उकिडवं बसायचं, चेंडू टाकणाऱ्या पिचरला बोटांनी खूण करायची आणि आलेला चेंडू झेलायचा, हे तिचं काम. हे काम ती सात वर्षांची असल्यापासून करतेय.

क्लिअर फोर्कच्या एका दांडग्या मुलीनं जोरात बॅट फिरवली. चेंडू हुकला, पण बॅट पूर्ण गिरकी घेऊन मागे आली आणि मारितच्या हेल्मेटवर ठक्कन बसली. मारित मातीत आडवी झाली.

आमच्याकडे एक रीत आहे. मैदानात कुणाला लागलं की दोन्ही संघांच्या पोरी, जिथे असतील तिथे, एका गुडघ्यावर बसतात. लागलेली पोर उठेपर्यंत कुणी हलायचं नाही. ही रीत कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, पण मोडलेली मी कधी पाहिली नाही. तशा त्या सगळ्या बसल्या. मी फाटकापर्यंत पोचतेय तोवर मारित टुणकन उठली आणि अंगठा वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंच व्हर्नने विचारलं, "बरी आहेस ना गं?" ती म्हणाली, "एकदम!" आणि खेळ सुरू झाला.

पुढच्याच चेंडूवर त्यांचा डाव संपला. पोरी आमच्या बाकाकडे पळाल्या. मारित मात्र चालत चालत क्लिअर फोर्कच्या बाकाकडे निघाली. पार त्यांच्या पाण्याच्या पिंपापर्यंत गेली, मग थबकली, जीभ चावून हसली आणि माघारी आली. सगळं गाव हसलं. मला नाही हसू आलं.

मी कार्ड घेऊन बाकाशी गेले. वार सांगितला तिनं. महिने उलटे म्हटले, घडाघड. तेही पाठच असणार.

"आता मी पाच शब्द सांगणार आहे," मी म्हटलं. "नीट ऐक आणि मग..."

"बादली, लिंबू, शिडी, घोडा, पडदा," मारित म्हणाली.

"पाचच्या पाच!" कर्टने टाळी दिली. कर्ट म्हणजे माझा मुलगा, मारितचा बाप आणि संघाचा प्रशिक्षक. "झालं समाधान? जा आता, बर्फ भर."

"अरे गाढवा, मी अजून एकही शब्द सांगितलेला नाही!"

मी नवे शब्द वाचले, सावकाश, एकेक करून. खिडकी, मध, ट्रॅक्टर, उशी, बेडूक. "म्हण आता."

मारित माझ्याकडे बघत राहिली. "बादली," ती म्हणाली. मग गाडी तिथेच अडली.

"बाहेर," मी म्हटलं.

"आई, घाबरलीय ती! तू अशी डोळे वटारून समोर उभी राहिलीस तर मीसुद्धा माझं नाव विसरेन." कर्टने मला बाजूला ओढलं. "त्यांच्या तीन मुली बाद करायच्यात. फक्त तीन! माझ्या वेळेनंतर या गावानं करंडक पाहिलेला नाही. आणि मलाही लागलंच होतं की डोक्याला. तरी खेळलो, जिंकून दिलं. तूच ओरडत होतीस ना, माती चोळ आणि उठ?"

हो, मीच. कर्ट तेव्हा चौदा वर्षांचा होता. चेंडू कानशिलावर बसला आणि मी बाकावर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडले होते. तो उठला. मला काय अभिमान वाटला होता! नंतर उजेड सोसेना म्हणून त्यानं सगळा ऑगस्ट पडदे लावून काढला.

"त्या दिवशी समोरच्या संघाचे शर्ट कुठल्या रंगाचे होते, कर्ट?"

"हा काय प्रश्न झाला? काळे होते."

"हिरवे होते रे. व्हर्नच्या सलूनमध्ये त्या सामन्याचा जो फोटो लावलाय, तो ब्लॅक अँड व्हाइट आहे."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मीही तसं बोलायला नको होतं, पण माझ्या जिभेला कधीच ब्रेक नव्हता. "तुला तो सामना आठवत नाही," मी म्हटलं. "तुला फोटो आठवतो. सामना मला आठवतो. रोज आठवतो."

तेवढ्यात आमची फलंदाजी संपली, एकही धाव न होता, आणि व्हर्न ओरडला, "चला, शेवटचा डाव!" मारितनं तोंडावर कॅचरचा जाळीदार मुखवटा ओढला आणि पळाली मैदानात.

मी सरळ पंचाकडे गेले. "व्हर्न, ही पोर खेळणार नाही."

"अगं लव्होन, प्रशिक्षक काही म्हणत नाही, पोर काही म्हणत नाही. मी एकटा कसा..."

"तू केस कापतानासुद्धा विचारतोस, कुठे थांबू म्हणून. आता मी न विचारता सांगतेय, थांब!"

व्हर्न कर्टकडे बघायला लागला, कर्ट जमिनीकडे. आणि मैदानावर आमची पिचर डेलिया ओचोआ हातात चेंडू घेऊन मारितच्या खुणेची वाट बघत होती.

मारितनं चार बोटं दाखवली. चार बोटं म्हणजे वळणारा चेंडू. तो चेंडू डेलियानं एप्रिलमध्येच सोडून दिला होता. तिचं कोपर दुखतं म्हणून मीच बंद करायला लावला होता, आणि तेव्हा मारित शेजारीच बसलेली होती. डेलियानं मान हलवली. मारितनं पुन्हा चार बोटं दाखवली. डेलियानं पुन्हा मान हलवली. पुन्हा चार.

डेलियानं चेंडू मातीत ठेवला आणि एका गुडघ्यावर बसली.

लोकांना वाटलं, हिलाच काही झालं. पण डेलिया मारितकडे बघत होती, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती जागची हलायला तयार नव्हती. मग पहिल्या बेसवरची आमची पोर बसली. मग दुसरी, तिसरी, लांब कुंपणापाशी उभ्या होत्या त्या तिघी. क्लिअर फोर्कच्या मुलीनं हातातली बॅट आडवी ठेवली आणि तीही बसली. ही तीच दांडगी मुलगी असती तर गोष्ट अजून रंगली असती, पण ती नव्हती, ही दुसरीच. तिच्यामागे त्यांचा सगळा बाक गुडघ्यावर आला. आता व्हर्नच काय, राज्यपाल आला असता तरी चेंडू टाकला गेला नसता. कार्ड पाठ करणाऱ्या पोरी त्या याच!

मारित उठून उभी राहिली. मुखवटा वर केला, गोल फिरून सगळीकडे बघितलं. मग मला विचारलं, "आजी, कुणाला लागलं?"



कर्ट माझ्या बाजूनं पुढे गेला. लेकीसमोर मातीत गुडघा टेकला, तिचा मुखवटा काढला आणि म्हणाला, "तुला गं, सोन्या. तुला लागलंय. चल, बाहेर जाऊ."

"पण तीनच राहिल्यात, बाबा."

"राहू देत."

तो तिला धरून बाहेर घेऊन आला, तेव्हा दोन्ही गावं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी सावलीत तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती रडत होती, मला दुष्ट म्हणत होती, आणि मी म्हणत होते, "म्हण बाई, म्हण."

मुखवटा चढवला बाकावर बसलेल्या ट्विलाला. ट्विला चेंडू आला की डोळे मिटते, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत. पण डेलिया अशी पेटली होती की विचारू नका! पहिली बाद. दुसरीही बाद, आणि ट्विलानं चेंडू तीन वेळा पाडला तरी बाद. तिसरीनं सरळ वर उडवला, आमच्या जाळीपाशी. ट्विला मुखवटा फेकून धावली, मान वर, दोन्ही हात पुढे, आणि आईशप्पथ, डोळे मिटलेले. चेंडू येऊन तिच्या ग्लोव्हमध्ये बसला. डोळे उघडून तिनं आत बघितलं आणि किंचाळली, "आहे! आत आहे!" पोरी तिच्या अंगावर कोसळल्या. करंडक आमचा! माझा आवाज पुन्हा सगळ्यांत मोठा होता, सवय जात नाही.

आम्ही मात्र करंडक घ्यायला थांबलो नाही. तडक दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे पाच शब्द सांगितले. मारितला एकच म्हणता आला. कर्ट टोपी हातात धरून भिंतीला टेकून उभा होता. बाई म्हणाल्या, मेंदूला धक्का बसलाय, पण वेळेत बाहेर काढलंत, विश्रांतीनं पूर्ण बरी होईल. याच्यावर आज दुसरा फटका बसला असता तर मात्र जिवावर बेतलं असतं.

तीन आठवडे झाले. मोबाइल नाही, पळणं नाही, चेंडू नाही. मारितनं घर डोक्यावर घेतलं. काल पुन्हा गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी शब्द सांगते, तू..."

"आधी तुम्ही सांगा," मारित म्हणाली आणि माझ्याकडे तिरकं बघितलं. "आमच्या आजीला घाई चालत नाही."

बाईंनी सांगितले. ती थांबली, डोळे बारीक केले. मी कर्टचा हात धरला.

"टोपी. नदी. काकडी. बाक." आणि मग, "कंदील."

कर्ट असा काही ओरडला की शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली. मी रडले. हो, रडले, लाज कसली?

परतताना गाडीत मारित खिडकीबाहेर मक्याकडे बघत होती. "बाबा," ती मध्येच म्हणाली, "मला बॅट लागलेली आठवत नाही. पण सगळ्या पोरी खाली बसल्या होत्या ना, ते आठवतंय. क्लिअर फोर्कच्या पोरींचे शर्ट केशरी होते."

"केशरीच होते," कर्ट म्हणाला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला लावून मला विचारलं, "आणि माझ्या त्या सामन्यात हिरवे होते ना, आई?"