चढ वीसचा, उतार कितीचा

फलटणच्या पाहुण्यांकडे सुपारी फुटण्याआधी मुलीला हुमाण घालायची रीत होती. कोडे सुटले की सोयरीक पक्की. सांगलीच्या महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या अंकिताला ही रीत त्यातल्या त्यात सुसह्य वाटली होती. निदान चालून दाखव, असे तरी कोणी म्हणणार नव्हते.

अंकिताच्या आष्ट्याच्या घरी पोहे संपले, तसे मुलाचे मामा, निवृत्त सुभेदार नाथाजी, सरसावून बसले.

“आईक पोरी. साताऱ्यावरनं महाबळेश्वरला गाडी ताशी वीसनं चढली. जाऊन-येऊन सरासरी चाळीस पडाय पायजे. तर उतरताना किती वेगानं यायचं?”

“कितीही वेगानं आलं तरी जमणार नाही, मामा. अंतर साठ धरा. चढायलाच तीन तास गेले. जाऊन-येऊन एकशेवीस, त्याला चाळीसनं तीनच तास मिळतात. उतरायला वेळ उरलाच नाही.”

“मग गाडी वरच सोडायची व्हय? आन् आपण स्ट्रॉबेरी खात बसायचं?”

बैठक खदाखदा हसली.

“साठ गं, साठ. वीस आन् साठ ऐंशी, त्याचं निम्मं चाळीस. मिल्ट्रीच्या गाड्या हाणल्यात म्या त्या घाटात.”

अंकिताने पुन्हा समजावले. मग आणखी एकदा. युक्तिवाद दरवेळी निर्दोष होता आणि त्यावरचा निकाल दरवेळी साठच होता. जिथे मिशी हा पुरावा असतो, तिथे भागाकार हा उद्धटपणा ठरतो, हे तिने आजवर केवळ वाचले होते. वडील डोळ्यांनी विनवत होते. अखेर, मुलांना जरा बोलू द्या, म्हणून त्यांनीच दोघांना गच्चीवर धाडले.

मुलगा, वीरधवल, साखर कारखान्यात इंजिनिअर होता.

“तुमचंच बरोबर हाय,” तो हळूच म्हणाला. “मला शाळेत असतानाच कळलं हुतं.”

“मग खाली गप्प का बसलात?”

“मामांचा मान असतो. आमच्या सगळ्या वहिनी साठच म्हणाल्यात. तुमी बी म्हणा आन् मिटवा.”

अंकिता जिना उतरून थेट बैठकीत आली.

“मामा, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. यांना मात्र ठाऊक होतं. चुकणाऱ्या माणसाबरोबर मी संसार केला असता. हे स्थळ मला नको.”

वडिलांनी डोळे मिटून घेतले. नाथाजीमामांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते मागून आलेल्या भाच्याकडे बघत राहिले.

“व्हय रं? तुला ठावं हुतं?”

वीरधवल दारातल्या चपला शोधू लागला.