तंगवेल सरांचा प्रोग्राम

आमच्या तिरुपूरच्या रंगाईच्या कारखान्यात अठरा वर्षं एकच प्रोग्राम चालतो. बनियनच्या कापडाला कुठला रंग, किती ग्रॅम, पाणी किती गरम, अशी नऊ हजार मापं त्याच्या पोटात आहेत. आमच्याच तंगवेल सरांनी तो लिहिला आणि चालवते मी, कनकवल्ली. दुसरं मला काही येत नाही, हे आधीच सांगून टाकते.

धाकटे मालक अरविंदन यांनी नवा कॉम्प्युटर आणला, त्यात नवं विंडोज, आणि प्रोग्राम उघडेना. काळी खिडकी यायची आणि पापणी लवायच्या आत गायब.

"या शुक्रवारी चालला नाही तर बाजारातलं सॉफ्टवेअर घेऊ," मालक म्हणाले. "ते चालवायला माणूस त्यांचाच येतो. तुम्ही खाली पॅकिंगला बसा, कनकवल्लीम्मा."

आवाज किती गोड. अठरा वर्षं रंग ओळखणाऱ्या बाईने आता बनियनच्या घड्या घालायच्या.

कोइंबतूरचा इंजिनिअर जोएल दर शुक्रवारी साडेदहाला यायचा आणि बाराच्या आत पासवर्ड लावून जायचा. मग नव्या यंत्राला हात लावायची कुणाची टाप नव्हती. हा त्याचा तिसरा शुक्रवार, आणि त्याने हात टेकले.

"अक्का, म्हातारं जनावर आहे. नव्या गोठ्यात रमत नाही."

"जनावराला नावं ठेवू नकोस, तंबी," धाकट्या भावाला म्हणावं तसं मी म्हटलं. "धार तुला काढता येत नाही."

दाराशी उभे असलेले मालक हसले आणि मोबाइलवर नव्या सॉफ्टवेअरवाल्यांचा नंबर शोधू लागले.

मी सरळ तंगवेल सरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सर आता करूरला केळी लावतात. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "आत्ता वाजले किती?"

"सव्वाअकरा."

"आणि तुमचा इंजिनिअर येतो कधी?"

"दर शुक्रवारी, साडेदहा ते बारा."

पलीकडे म्हातारा खोकला की हसला, कळेना. "अगं, राहुकाळ आहे. प्रत्येक वाराची वेळ वेगळी, शुक्रवारी साडेदहा ते बारा. राहुकाळात नवा रंग घ्यायचा नाही, असा थोरल्या मालकांचा हुकूम. माणसांवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून मी प्रोग्रामलाच सांगून ठेवलं. घड्याळ बघतो आणि मुकाट बंद होतो. बारानंतर उघड."

अठरा वर्षांत हे आम्हाला कळलं कसं नाही? कळणार कसं, राहुकाळात आमची अख्खी लॅब कॉफी पीत बसते. जुन्या यंत्राला त्या वेळी कुणी शिवलंच नव्हतं.

बारा वाजले. सरांना पुन्हा फोन लावून मी बटण दाबलं आणि हिरवी अक्षरं आली. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

"ती अट काढून टाकू का?" जोएलने विचारलं.

"काढायला आधी माझं लिहिलेलं वाचता यायला हवं," सर फोनवरून म्हणाले. "ते एकट्या मला येतं, आणि मी बहात्तरचा. कुणीतरी शिकून घ्या."

"मी शिकते." माझ्या तोंडून निघूनच गेलं. वय बावन्न, दहावी नापास.

मालकांनी मोबाइल खिशात टाकला. "दर सोमवारी कारखान्याची गाडी तुम्हाला करूरला नेईल. पॅकिंगला मी दुसरं कुणी बघतो."

जिन्यापर्यंत जाऊन ते परत फिरले. अमेरिकेत शिकून आलेला माणूस, जरा लाजलाच.

"सोमवारी साडेसात ते नऊ असतो," म्हणाले. "नऊनंतरच निघा."