श्वासाची जागा

फुशारकी म्हणा हवं तर, पण गाणं वाद्यावर उतरवून देण्यात आमच्या शहरात माझा हात धरणारं कुणी नाही. त्यामुळे दादानं चेलोची पेटी माझ्या दाराशी टेकवून "ते फ्रेंच ऑपेरातलं गाणं चेलो आणि पियानोसाठी बसवून दे" म्हटलं, तेव्हा मी "कुठलं?" असंसुद्धा विचारलं नाही. आमच्याकडे 'ते' गाणं एकच. नायिका खिडकीशी उभी राहून प्रियकराला थांब म्हणते, आणि तो मेला काही थांबत नाही.

वहिनी ते पंधरा वर्षं रंगमंचावर गायली. पियानोला मी. शेवटच्या ओळीत मी पियानो फार बडवते, म्हणून वर्तमानपत्रवाल्यांनी मला दोनदा नावंही ठेवली. मी ऐकून घेतलं. मग वहिनीच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता जेमतेम कुजबुजते. तेव्हापासून घरात सूर लागला की ती उठून जाते. दोन वर्षं झाली, दादा सरावाला माझ्याकडे येतो.

"एवढं एक तिनं बसून ऐकलं, तर चेलो घरी राहील," तो म्हणाला. "नाहीतर विकून टाकतो. खरंच सांगतोय."

"विकतोय म्हणे! गप बस. रविवारी येते मी."

तीन दिवसांत काम फत्ते. पट्टी वहिनीचीच ठेवली, चाल एक सप्तक खाली आणली. अख्ख्या ऑर्केस्ट्राचं काम माझ्या दहा बोटांत आधीपासून होतंच. आणि सगळ्यात खूश होते ती एका गोष्टीवर. गाणाऱ्याला मध्ये मध्ये दम घ्यावा लागतो, चेलोला कुठे लागतो? मग तोडायचं कशाला? मी ओळीला ओळ जोडून टाकली, आणि गज कुठे वळला ते ऐकूच येता कामा नये, असं दादाला बजावलं.

रविवारी सकाळी त्यांच्या घरच्या पियानोशी बसत वहिनीला सरळ सांगितलं, "ऐकायला बस. नाही आवडलं तर ऊठ."

"वन्सं, धमकी देताय का?" ती कुजबुजली. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान, पण चिडवायचं असलं की तिची अहोजाहो सुरू होते. बसली मात्र. खुर्ची निवडली ती दाराजवळची.

दादानं अशी सुरुवात केली की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्या ओळीला पाहते तो वहिनीनं खुर्चीचा हात घट्ट धरलेला. चौथ्या ओळीला ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

"झालं समाधान?" दादा म्हणाला, आणि त्यानं चेलो ठेवायला पेटीचं झाकण उघडलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चांगलं खडसावायचं ठरवून मी तरातरा आत गेले. वहिनी ओट्याला टेकून धापा टाकत होती, चार जिने चढून आल्यासारखी.

"श्वास कुठे घेतो गं तो?" ती म्हणाली. "मी थांबलेय, थांबलेय, हा आपला चाललाय पुढे. गुदमरले की!"

ती नुसती ऐकत नव्हती. ओठ मिटून आतल्या आत गात होती.

"म्हणून उठून जातेस तू?"

"छे. एरवी रडू येतं म्हणून उठते. आज दम लागला म्हणून."

हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं. पंधरा वर्षं जिच्या श्वासावर नजर ठेवून बोटं उचलली, तिचंच गाणं मी बिनश्वासाचं करून ठेवलं होतं! अशी चूक नवशिका करत नाही, माझ्यासारखी मुरलेलीच करते.

"तुझी जुनी प्रत काढ," मी म्हणाले.

तिनं ती कपाटातून काढली. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या, जिथे जिथे ती श्वास घ्यायची तिथे. मी एकूण एक खूण दादाच्या कागदावर उतरवली. एक स्वतःच्या मनानं घातली. "खूण आली की गज तारेवरून उचलायचा," त्याला म्हटलं. "माणूस आहेस, दम घे."

त्यानं पुन्हा सुरुवात केली. पहिल्या खुणेला गज उचलला, वहिनीचे खांदे वर आले. दुसऱ्या खुणेला पुन्हा आले. होता होता शेवटची ओळ आली. तिच्या प्रतीत तिथे एकही खूण नाही. ही ओळ ती एका दमात गाते म्हणून लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. मधोमध मी डावा हात दणकन आपटला, अगदी पूर्वीसारखा. त्याच क्षणी दादानं गज उचलला, आणि वहिनीनं श्वास घेतला.

गाणं संपलं. ती खुर्चीतच होती. माझ्याकडे बघत होती.

"तिथे मी चोरून श्वास घ्यायचे," ती म्हणाली. "कुण्णाला माहीत नव्हतं."

"हो ना. आणि मी तिथे पंधरा वर्षं उगाच बडवत होते."

तिनं तोंडावर हात ठेवला. डोळे भरून आले तिचे, माझेही आले, उगाच कशाला लपवू? मग ती उठली. दादाचा चेहरा पडला. पण तिनं दाराजवळची खुर्ची ओढत आणली ती थेट पियानोपाशी, माझ्या शेजारी, आणि उघड्या पेटीचं झाकण पायानं लोटून लावलं.

"पहिल्यापासून वाजव," ती त्याला म्हणाली. "आणि वन्सं, तुम्ही तिथे जरा आणखी जोरात."